आकडा कशाचा आणि कधीचा, हे डॅशबोर्डने आधी सांगावे

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या पानांवर ‘डॅशबोर्ड’ (आकडे आणि आलेख एकत्र दाखवणारा संगणकाचा पडदा) हा शब्द अलीकडे वरचेवर वाचायला मिळतो. पाणीपुरवठ्याचा डॅशबोर्ड, पीककर्जाचा डॅशबोर्ड, शाळांच्या पटसंख्येचा डॅशबोर्ड. एखादी पतसंस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनीसुद्धा आता वार्षिक सभेत भिंतीवर पडदा लावून रंगीत आलेख दाखवते. मला याचा आनंदच आहे, कारण माझे पोट याच कामावर चालते. मी मूळची भडगाव तालुक्यातली. गिरणेच्या काठावरची आमची शेती आज माझा भाऊ पाहतो. मी गेली ११ वर्षे आकडेवारीचे अहवाल आणि डॅशबोर्ड बांधून देते, आधी पुण्यात नोकरी करून आणि आता जळगावात राहून स्वतंत्रपणे. या कामात जे रोज दिसते आणि जे मला स्वस्थ बसू देत नाही, ते आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

काम घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा असतो. पॉवर बीआय घ्यावे की टॅब्लो, फुकटात मिळणारा लुकर स्टुडिओ चालेल का, की आपले एक्सेलच बरे? या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे आणि त्यात फारसे अडत नाही. अडते ते पडद्यावरचा आकडा नेमका कशाचा, कोणत्या वेळेचा आणि तो पाहून कोण काय ठरवणार, हे कोणीच ठरवलेले नसते तेव्हा. डॅशबोर्ड म्हणजे मूळची घोडागाडीच्या पुढची फळी. टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून ती बसवत. मोटारी आल्यावर त्याच जागी वेग आणि इंधन दाखवणारे काटे आले आणि नाव तेच राहिले. गाडी चालवणाऱ्याला त्या क्षणी जेवढे कळले पाहिजे तेवढेच त्या जागी असते, आणि तेही नजर रस्त्यावरून फार वेळ न हटवता कळते. आपल्याकडे एका पडद्यावर पंधरा आलेख आणि आठ रंग भरून ‘सर्व माहिती एका ठिकाणी’ असे लिहिलेले असते, तेव्हा ती माहिती पाहून पुढच्या आठवड्यात कोणी काय वेगळे करायचे आहे, याचे उत्तर मागूनही मिळत नाही.

गिरणा धरणाचेच उदाहरण घेते, कारण आमच्या घरातला रब्बीचा निर्णय त्यावर ठरतो. १९६९ साली पूर्ण झालेले हे धरण नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यात आहे, पण त्याच्या आवर्तनाकडे, म्हणजे कालव्यातून सुटणाऱ्या पाण्याच्या पाळीकडे, चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्यापासून खाली एरंडोल-धरणगावपर्यंतची गावे डोळे लावून बसतात. धरणाची एकूण साठवणक्षमता २१,५०० दशलक्ष घनफूट. त्यातला ३,००० दशलक्ष घनफूट मृतसाठा (तळाचे, एरवी बाहेर सोडता न येणारे पाणी) सोडला, तर उपयुक्त साठा १८,५०० उरतो. आता समजा धरणात आज १०,००० दशलक्ष घनफूट पाणी आहे. एकूण क्षमतेने भागले तर धरण साडेसेहेचाळीस टक्के भरले, असे पडदा सांगेल. मृतसाठा वजा करून ७,००० ला १८,५०० ने भागले तर तेच धरण ३८ टक्क्यांच्याही आत राहते. यातला एकही आकडा खोटा नाही. पण पहिला पाहून माझा भाऊ गव्हाचे बियाणे आणेल आणि दुसरा पाहून हरभऱ्यावर थांबेल, कारण गव्हाला पाच-सहा पाणी लागते आणि हरभरा दोन-तीन पाण्यात निघतो. धरण आटत आटत ३,००० वर आले, की हा फरक अधिकच गंभीर होतो, कारण एक पडदा १४ टक्के पाणी असल्याचे दाखवतो आणि दुसरा शून्य. एका वर्षी आमच्या घरात याच दोन आकड्यांवरून संध्याकाळभर वाद झाला होता. एक आकडा भावाच्या मोबाईलवर आलेल्या चित्रातला होता, दुसरा गावातल्या कोणी तालुक्याहून ऐकून आलेला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, पण आकड्याखाली ‘एकूण’ की ‘उपयुक्त’ हा एक शब्द नव्हता.

त्यात एककांचा घोळ मिसळतो. एका ठिकाणी दशलक्ष घनफूट, दुसरीकडे दशलक्ष घनमीटर, तिसरीकडे टीएमसी (अब्ज घनफूट). गिरणेची २१,५०० दशलक्ष घनफूट क्षमता म्हणजे साधारण ६०९ दशलक्ष घनमीटर. एका विभागाची फाईल पहिल्या एककात आणि दुसऱ्याची दुसऱ्या एककात असेल, आणि बांधणाऱ्याने दोन्ही रकाने डोळे मिटून एकाखाली एक जोडले, तर सॉफ्टवेअर त्याची निमूटपणे बेरीज करते. त्याच्या दृष्टीने दोन्ही नुसत्या संख्या असतात. शिवाय गिरणेत येवा (वरून येणारे पाणी) कधी सुरू होईल, हे एकट्या गिरणेच्या आकड्यावरून कळतच नाही. वरची चणकापूर, पुनद, केळझर, हरणबारी ही धरणे भरून तिथून विसर्ग सुरू झाला, की मग खाली पाणी येते. म्हणून शेतकऱ्यासाठी गिरणेचा डॅशबोर्ड बांधायचा तर त्यावर वरच्या धरणांची पातळी हवी, त्यांचा विसर्ग हवा आणि मागच्या चार-पाच वर्षांची याच तारखेची रेषा हवी. हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या शिकवणीत शिकवत नाहीत. ते कालव्याच्या टोकाला बसलेल्या माणसाला विचारावे लागते.

पावसाच्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक इथे स्पष्टपणे सांगते, कारण हीच चूक मी नंतर इतरांच्या डॅशबोर्डमध्येही पाहिली आहे. एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) पावसाचा नकाशा बांधला होता. रोज सकाळी आकडे येत आणि मंडळाचा रंग पावसानुसार फिका-गडद होत असे. ऑगस्टमध्ये काही मंडळांचे आकडे उशिरा येऊ लागले, नकाशावर पांढरे ठिपके दिसू लागले आणि कंपनीच्या संचालकांना ते बरे वाटेना. मी माहिती स्वच्छ करण्याच्या टप्प्यावर रिकाम्या जागी शून्य भरण्याची एक पायरी टाकली. नकाशा लगेच भरलेला, नीटनेटका दिसू लागला. चौथ्या दिवशी माझ्या आत्याच्या यजमानांचा फोन आला. ते अहिराणीत म्हणाले, “आठे नालाले पूर उना माय, आनि तुना नकाशावर शून्य कसं?” (इथे नाल्याला पूर आला, आणि तुझ्या नकाशावर शून्य कसे?) त्यांच्या मंडळाचा आकडा त्या दिवशी आलेलाच नव्हता. आकडा न येणे आणि पाऊस न पडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी त्या केवळ चित्र सुबक दिसावे म्हणून एक करून टाकल्या होत्या.

याचे परिणाम किती दूर जातात हे पाहावे. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी मानली जाते आणि नुकसानीचे पंचनामे, मदत हे सारे त्या नोंदीशी बांधलेले असते. समजा एका तालुक्यात पाच मंडळे आहेत आणि एका दिवसाचा पाऊस ७८, १४, ९, ६ आणि ३ मिलिमीटर आहे. तालुक्याची सरासरी २२ येते. तालुक्याच्या पातळीवर थांबणारा डॅशबोर्ड त्या दिवशी ‘साधारण पाऊस’ दाखवून मोकळा होईल आणि ७८ मिलिमीटरमध्ये कपाशी झोपलेले मंडळ त्यात बुडून जाईल. आता ७८ चाच आकडा त्या सकाळी आला नाही आणि माझ्यासारख्या कोणी तिथे शून्य भरले, तर सरासरी साडेसहाच्याही खाली येते आणि त्या मंडळाची हाक कोणाच्या कानापर्यंतच जात नाही. रिकामी जागा रिकामी ठेवली, तर सॉफ्टवेअर सरासरी काढताना ती वगळते, आणि बांधणाऱ्याने ‘आकडा आलेला नाही’ असा करडा रंग योजला, तर पाहणारा निदान फोन तरी करतो. तो करडा रंग दिसायला वाईट असतो हे मला मान्य आहे. तरीही मी आता तो प्रत्येक नकाशात ठेवते आणि काम देणाऱ्यांना आधीच सांगते की तो काढून मिळणार नाही.

तारखेचेही असेच आहे. पावसाची मोजणी सकाळी साडेआठला होते आणि ती मागच्या २४ तासांची असते. पाच तारखेच्या रात्री कोसळलेला पाऊस सहा तारखेच्या नावावर लागतो. पंचनाम्यात शेतकरी पाच तारीख सांगतो, पडद्यावर पाच तारखेला काहीच नसते आणि खरे बोलणारा माणूस खोटा ठरतो. आकड्याखाली ‘सकाळी ८.३० पर्यंतचे २४ तास’ एवढे लिहायला पाव ओळही लागत नाही.

रावेर-यावल-चोपड्याकडच्या केळीच्या व्यवहारात दुसरी एक चूक वारंवार भेटते, ती सरासरीची. समजा एका आठवड्यात १०० क्विंटल माल १,८०० रुपयांनी गेला आणि २० क्विंटल १,२०० रुपयांनी. दोन भावांची सरासरी काढली तर १,५०० येते. पण एकूण रक्कम २,०४,००० आणि एकूण वजन १२० क्विंटल, म्हणजे खरा सरासरी भाव १,७०० रुपये. क्विंटलमागे २०० रुपयांची ही तफावत कोणाच्या खिशात गेलेली नसते, ती केवळ चुकीच्या भागाकाराने जन्माला आलेली असते. पण पडद्यावर ती झळकली, की सभासदांच्या मनात कंपनीबद्दल संशय उभा राहतो आणि तो पुसायला हंगाम जातो. यावर उपाय अवघड नाही. भावाच्या रकान्याची सरासरी न घेता, एकूण रकमेला एकूण वजनाने भागणारे सूत्र लिहावे लागते. पॉवर बीआयमध्ये त्याला ‘मेझर’ (मोजमाप) म्हणतात. कोणी गाव, व्यापारी किंवा आठवडा निवडला की ते सूत्र तेवढ्याच नोंदींवर पुन्हा नव्याने चालते. अनेकजण घाईने हा भाव आधीच एका रकान्यात काढून ठेवतात आणि मग त्या रकान्याची सरासरी घेतात. सरासरीची सरासरी काढू नये, हे शाळेतच शिकवलेले असते, पण माऊसच्या एका टिचकीने ती निघते म्हणून ती काढली जाते. निर्यातीच्या खोक्यांतला माल आणि स्थानिक बाजारातला माल एकाच रेषेत दाखवला, तरी असाच अनर्थ होतो.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की आलेख काढणे हे मुख्य काम. माझ्या वेळेचा मोठा भाग त्याआधीच्या साफसफाईत जातो. पिंपळगाव नावाची गावे आपल्या भागात कितीतरी आहेत. नावावरून जोडणी केली, तर एका गावाची केळी दुसऱ्या गावाच्या खात्यावर पडते. तेच गाव कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमनमध्ये, कोणी ‘बुद्रुक’ पूर्ण लिहितो तर कोणी नुसते ‘बु.’ लिहितो. म्हणून केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला दिलेला क्रमांक वापरून जोडणी करावी, हा माझा आग्रह असतो. जुन्या संस्थांच्या फाईली युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये असतात. त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या की सभासदांच्या नावांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते, आणि त्या आधी रूपांतरित करून, एकेक नाव नजरेखालून घालावे लागते. तारखांची चूक सर्वांत फसवी. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ७ ऑगस्ट ही ८ जुलै होते. गंमत नाही, खरोखर होते. आणि तेराव्या तारखेपासून पुढच्या तारखा बदलत नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी वर्षभर विखुरतात, उरलेल्या जागच्या जागी राहतात आणि आलेख पाहून पटकन कोणाला शंकाही येत नाही. हे काम कोणाला दिसत नाही आणि त्याचे पैसे मागितले की लोक नाराज होतात, पण पडद्याचा खरेपणा याच कामावर उभा असतो.

आता नंदुरबारविषयी, ज्यासाठी मुख्यतः लेखणी हाती घेतली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ पासून, विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठीच्या केंद्राच्या ‘आकांक्षित जिल्हे’ कार्यक्रमात आहे. या कार्यक्रमात आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व जलस्रोत, आर्थिक समावेशन व कौशल्यविकास आणि पायाभूत सुविधा अशा पाच विषयांतले ४९ निर्देशांक डॅशबोर्डवर मोजले जातात. आरोग्य-पोषणाला आणि शिक्षणाला प्रत्येकी ३० टक्के वजन आहे, आणि किती सुधारणा झाली यावरून जिल्ह्यांची क्रमवारी लागते. मागे राहिलेल्या जिल्ह्याकडे महिन्याच्या महिन्याला लक्ष जावे, हा यामागचा हेतू मला मनापासून पटतो. आपला जिल्हा कुठे आहे, हे कोणालाही पाहता येणे ही छोटी गोष्ट नाही.

पण क्रमवारी लागली, की आकड्याला एक ओढ लागते आणि तिच्यावर राखण ठेवावी लागते. कुपोषणाचा आकडा घ्या. अंगणवाडीत बालकाचे वजन होते, उंची मोजली जाते, नोंद मोबाईलवर केली जाते. २०२१ पासून त्यासाठी पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर नेटवर्क मिळणे हीच मुळात एक अडचण. त्यात दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि बालके त्यांच्याबरोबर जातात. केवळ समजण्यासाठी एक हिशेब मांडते. यातले आकडे कोणत्याही गावाचे नाहीत. एका अंगणवाडीत १०० बालकांची नोंद आहे. सप्टेंबरात ८० बालकांचे वजन झाले आणि त्यात १२ तीव्र कुपोषित निघाली. भागाकार ८० ने केला तर प्रमाण १५ टक्के. डिसेंबरात ५० बालकांचेच वजन झाले, त्यात ५ तीव्र कुपोषित निघाली. प्रमाण १० टक्के. पडद्यावर बाण खाली येतो, तो हिरवा होतो आणि बैठकीत सुधारणा म्हणून त्याची नोंद होते. प्रत्यक्षात जी कुटुंबे सर्वांत अडचणीत आहेत तीच गाव सोडून गेलेली असतात, आणि त्यांची बालके अंशातूनही गळतात आणि छेदातूनही. यात कोणीही खोटी नोंद केलेली नाही. अंगणवाडी सेविकेने समोर आलेल्या प्रत्येक बालकाचे वजन इमानाने घेतले आहे. दोष आहे तो छेद न दाखवणाऱ्या पडद्याचा.

म्हणून माझे म्हणणे असे, की टक्केवारीच्या शेजारी तितक्याच मोठ्या अक्षरात ‘नोंद १००, वजन झालेली ५०’ हे दिसले पाहिजे. आणि वजन झालेल्यांचे प्रमाण एका मर्यादेखाली गेले, तर बाण दाखवूच नये. त्या जागी ‘तुलना करता येत नाही’ एवढेच लिहावे. सॉफ्टवेअरमध्ये ही एका ओळीची अट आहे. ती घालायला कौशल्य फारसे लागत नाही, घालणाऱ्याला वरिष्ठांसमोर हिरवा बाण नसलेला पडदा ठेवण्याचे धैर्य लागते. आणि तो पडदा स्वीकारणारा अधिकारीही तेवढाच मोठ्या मनाचा लागतो.

दिसण्याविषयी थोडेच सांगते. गोल वर्तुळाचे सात-आठ तुकडे करून त्यांतला मोठा कोणता हे डोळ्यांना नीट कळत नाही. आडव्या पट्ट्या लांबीप्रमाणे लावल्या तर लगेच कळते. पट्ट्यांचा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, नाहीतर दोन टक्क्यांचा फरक दुपटीचा दिसतो. लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसे, विशेषतः पुरुष, आपल्यात आहेत, म्हणून रंगासोबत शब्द किंवा खूण हवी. पॉवर बीआय मोठे आकडे आपणहून हजार आणि मिलियनमध्ये संक्षेपाने दाखवते. आपल्या वाचकाला लाख आणि कोटी कळतात, तेव्हा थोडी खटपट करून तसे दाखवणे हे बांधणाऱ्याचे कर्तव्यच आहे. मथळे मराठीत असावेत, आणि तेही लोकांच्या तोंडी असलेले. ‘आवर्तन’, ‘येवा’, ‘पेरा’ हे शब्द असताना भाषांतरित जडजंबाल शब्द कशाला? खानदेशात हे सारे मोबाईलवर पाहिले जाते, म्हणून मोबाईलसाठीची वेगळी मांडणी करावी. पॉवर बीआयमध्ये तशी सोय आहे आणि ती वापरणारे मला क्वचितच भेटतात. कोणता आकडा किती ताजा हवा, हेही विषयानुसार ठरते. पावसाळ्यात हतनूर धरणाच्या ४१ पैकी किती दरवाजे उघडले, हा आकडा तापीकाठच्या गावांसाठी तासाभरात जुना होतो. कपाशीच्या पेऱ्याचा आकडा आठवड्याने आला तरी कोणाचे अडत नाही. सगळेच ‘लाइव्ह’ हवे, या हट्टात पैसे जातात.

एक इशारा मात्र ठामपणे देते. पॉवर बीआयमधून ‘पब्लिश टू वेब’ने प्रसिद्ध केलेला अहवाल इंटरनेटवर कोणालाही पाहता येतो. टॅब्लोची मोफत सार्वजनिक आवृत्तीही नावाप्रमाणेच सार्वजनिक आहे. पैसे वाचवायला हा मार्ग निवडला जातो आणि आलेखाच्या मागे कर्जदाराचे नाव, खाते क्रमांक किंवा आजारी बालकाचे नाव असलेली मूळ यादी तशीच राहते. आलेख फक्त बेरीज दाखवत असला, तरी मागची यादी त्यात बांधलेली असू शकते. मी एका संस्थेच्या अहवालात सभासदांची थकबाकी नावानिशी उघडी पडलेली पाहिली आहे. ती लक्षात आणून दिल्यावर त्यांनी त्याच दिवशी उतरवली, पण तोवर ती किती डोळ्यांखालून गेली असेल, हे कोण सांगणार? प्रसिद्ध करण्यापूर्वी नावे काढून, गाव किंवा मंडळ पातळीवर बेरीज केलेलीच माहिती आत घालावी, एवढी एक सवय सर्वांनी लावून घ्यावी.

जिल्हा पातळीवर, सहकारी संस्थांत किंवा उत्पादक कंपन्यांत जे डॅशबोर्डचे काम देतात त्यांना माझी विनंती आहे, की कामाच्या अटींमध्ये आलेखांची संख्या लिहिण्याऐवजी व्याख्यांचे एक पान मागावे. प्रत्येक आकड्याचा अंश कोणता, छेद कोणता, एकक कोणते, नोंद कोण आणि कधी करतो, आकडा आला नाही तर काय दिसेल, हे त्या पानावर साध्या मराठीत असावे आणि ते पडद्यावरूनच उघडता यावे. हे पान तयार करताना तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, कालव्यावरचा कर्मचारी यांना समोर बसवावे, कारण आकडा त्यांच्या हातून जन्मतो. आपल्या विद्यापीठाच्या परिसरातल्या महाविद्यालयांत आता अनेक विद्यार्थी हे सॉफ्टवेअर शिकतात. त्यांना परदेशी दुकानांच्या विक्रीचे तयार आकडे सरावाला देण्याऐवजी आपल्या मंडळाचा पाऊस, आपल्या बाजार समितीची आवक आणि आपल्या धरणाचा साठा गोळा करायला लावले, तर रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक त्यांना मी शिकले त्यापेक्षा कमी किमतीत कळेल.

शेवटी आपल्याकडेच एक मागणे आहे. पावसाळ्यात आपण धरणसाठ्याची चौकट रोज छापता आणि आमच्या गावात ती पारावर मोठ्याने वाचली जाते. त्या चौकटीत टक्केवारीपुढे ‘उपयुक्त साठा’ हे शब्द, आकडा किती वाजताचा आहे ती वेळ आणि गेल्या वर्षीचा त्याच तारखेचा आकडा, एवढ्या तीन गोष्टी आपण घालाव्यात. जागा लागली तर माझ्या या पत्रातला कोणताही भाग कापावा, पण ती चौकट येत्या पावसाळ्याआधी बदलावी. रब्बीचे बियाणे आणायला निघालेला माणूस तोच आकडा खिशात घेऊन निघतो.

कळावे,

आपली विश्वासू,
एक वाचक, जळगाव